शेडबाई आणि बाराशे छत्तीस नंबर

शेडबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. डाव्या हाताच्या दोन बोटांना दोन दोरे गुंडाळलेले, आणि ती बोटं त्या उजेडात अशी फिरवत होत्या जणू नखं तपासतायत. मी दारात उभी राहून दोनदा घसा खाकरला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "संगणकवाली का तू? थांब जरा. ढग यायच्या आत एवढं उरकू दे."

मी थांबले. तेव्हा मला वाटलं होतं की पाचेक मिनिटं थांबायचंय. पुढे त्या खोलीत माझे साडेआठ महिने गेले.

तो शिलाईच्या दोऱ्याचा कारखाना होता. त्यांनी तासाभराच्या अंतरावरचा, त्याच धंद्यातला दुसरा कारखाना विकत घेतला होता. दोऱ्याच्या धंद्यात रंगाला नाव नसतं, नंबर असतो. शिंपी, गणवेशवाले, पडदेवाले सगळे नंबरावर माल मागवतात. "तीनशे बाराचे चार डबे पाठवा," एवढंच. आता आमच्या कारखान्यात तीनशे बारा म्हणजे मरून, आणि पलीकडच्या कारखान्यात तीनशे बारा म्हणजे बाटलीसारखा हिरवा. आमच्याकडे बाराशे छत्तीस नंबर, त्यांच्याकडे नऊशे चाळीस. दोघांच्या याद्या दोन जुन्या संगणकांत. त्या नव्या एका संगणकात आणायच्या, आणि एका रंगाला एकच नंबर ठेवायचा, हे माझं काम. माझ्या वरिष्ठांना मी बेधडक तीन आठवडे सांगून आले होते.

याद्या हलवणं सोपं होतं. अवघड होतं ते हे, की आपला कुठला नंबर म्हणजे त्यांचा कुठला नंबर, हे कुणी सांगायचं? पलीकडे रंग मोजायचं एक यंत्र होतं, पण त्याचा दिवा गेलेला आणि तसा दिवा आता कुणी बनवत नव्हतं. राहिले माणसाचे डोळे. आणि डोळे म्हटलं की कारखान्यात सगळे एकाच खोलीकडे बोट दाखवायचे.

शेडबाई एकोणिसाव्या वर्षी रिळं भरायच्या खात्यात लागल्या होत्या. तिथे त्या डब्यातून एखादं रीळ काढून बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, हे यातलं नाही. मुकादम वैतागायचा, कारण त्याला काही फरक दिसायचा नाही. मग कुणीतरी नंबर ताडून पाहिले, तर दर वेळी बाईच बरोबर. त्यांना उचलून शेडच्या, म्हणजे रंगछटा तपासायच्या, खोलीत बसवलं, ते सदतीस वर्षं त्या तिथेच. रंगखात्यातून आलेला प्रत्येक लॉट त्यांच्या टेबलावरून जायचा. त्यांनी मान हलवली की माल पुढे, नाही हलवली की परत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वापरताना मी कुणाला ऐकलं नाही.

खोली लांबट होती. एका भिंतीला उथळ लाकडी खण, प्रत्येकात पुठ्ठ्यावर गुंडाळलेला दोरा आणि खाली शाईने लिहिलेला नंबर. खिडकी उत्तरेची, कारण उन्हाची तिरीप रंग खोटा दाखवते. आल्या आल्या त्यांनी मला दोन तपकिरी दोरे ट्यूबलाइटखाली दाखवले. अगदी सारखे. मग तेच खिडकीशी नेले तर एक लालसर निघाला. "दिव्याखाली सगळेच जुळे दिसतात," त्या म्हणाल्या. "म्हणून जोड्या लावायच्या त्या दिवसा, आणि इथेच."

आम्ही एक तक्ता केला. चार रकाने. आपला नंबर, त्यांचा नंबर, नवा नंबर आणि शेरा. शेऱ्यात तीनच शब्द चालायचे: 'तोच', 'जवळचा' किंवा 'नाही'. जुने नंबर कुठलेही पुसायचे नाहीत, रद्द झालेला नंबर पुन्हा दुसऱ्या रंगाला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम मी पुस्तकात शिकले होते आणि मोठ्या तोऱ्यात सांगितला. बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे हा नियम मी जन्मायच्या आधीपासून आहे.

कारखान्याच्या साहेबांना 'नाही' हा शेरा आवडायचा नाही. जितके 'नाही' तितके नंबर जास्त, तितका गोदामात माल जास्त. त्यांचं म्हणणं, जो जवळात जवळ असेल त्याला चिकटवून टाका. त्यावर बाईंनी त्यांना खोलीत बोलावून एक दोरा दाखवला आणि विचारलं, हा कुणाला चिकटवू? साहेबांनी खणांवरून दोनदा नजर फिरवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. बाई नंतर मला म्हणाल्या, "जोडी नसली तर नसू दे. एकटा नंबरही नंबरच असतो." त्या स्वतः लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात ना कुरकुर होती ना फुशारकी.

त्या एकट्या मात्र नव्हत्या. धाकट्या भावाच्या बायकोबरोबर राहायच्या. भाऊ अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, भावजय माहेरी जाईल. ती गेली नाही. या दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. चर्चा न करताच ते ठरलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी. भावजय एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती, जिभेची तिखट आणि हाताची सढळ. ती बाईंना 'वन्सं' म्हणायची, आणि ज्या सुरात म्हणायची त्यावरून पुढचं वाक्य कौतुकाचं आहे की खरडपट्टीचं, ते मला लवकरच कळायला लागलं. मी दर शनिवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे. तसं बोलावणं मला कुणी दिलं नव्हतं. एकदा गेले, आणि पुढच्या शनिवारी आले नाही तर भावजयीने फोन करून विचारलं की जेवण कुणासाठी झाकून ठेवायचं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

दुसऱ्या महिन्यात मी पलीकडची यादी चढवली आणि साहेबांना कळवून टाकलं की हा भाग झाला. दोन दिवसांनी बाईंनी विचारलं, "शून्य-चारशे-बारा कुठे गेला गं?"

मी दाखवलं. हा काय, चारशे बारा.

"हा चारशे बारा. मी शून्य-चारशे-बारा विचारतेय."

पलीकडच्या कारखान्यात नंबराआधी शून्य असलं तर तो फिक्या रंगांच्या मालिकेतला. चारशे बारा कोळशासारखा काळा, शून्य-चारशे-बारा फिका गुलाबी. आणि माझ्या संगणकाने त्या सगळ्यांना निव्वळ आकडे समजून पुढची शून्यं गिळून टाकली होती. एकूण शहाऐंशी फिके रंग शहाऐंशी गडद रंगांच्या पोटात गेले होते. ते तसंच पुढे गेलं असतं तर कुणा बाळाच्या झबल्याला कोळशाचा दोरा लागला असता. ही माझी पहिली स्वतंत्र कामगिरी होती.

बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "तक्ता मी तपासल्याशिवाय पुढे जात नाही, असं ठरलंय ना? मग तो अजून गेलेलाच नाही. ऊठ, शून्यं शोधू." दोन दिवस त्या माझ्याशेजारी बसून एकेक पुठ्ठा हातात घेऊन नंबर वाचत होत्या, शून्यासकट, आणि मी ते आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून पुन्हा भरत होते. नंतर मी साहेबांना आपणहून सांगितलं. ते रागावले, पण सगळं दुरुस्त झाल्यावर रागावले, आणि यात किती फरक असतो हे ज्याने बोलणी खाल्ली आहेत त्यालाच कळेल.

पाचव्या महिन्यात निम्म्याहून जास्त जोड्या लागल्या. तेव्हा आम्ही चाचणी घेतली. सहा जुन्या गिऱ्हाइकांनी नेहमीच्या जुन्या नंबरांनी माल मागवायचा, आणि आम्ही नव्या तक्त्याप्रमाणे पाठवायचा.

आठवड्यात परतीचे डबे यायला लागले. गणवेशवाल्याने लिहिलं, गडद निळा मागवला, काळा आला. दवाखान्यांचे कोट शिवणाऱ्याकडे पांढऱ्याऐवजी साईसारखा पिवळसर गेला होता. मला वाटलं, पुन्हा माझंच शून्य. तीन दिवस मी संगणकातला सगळा प्रोग्रॅम पिंजून काढला. काही चुकलं नव्हतं. बाईंनी जी जोडी लिहिली होती, तीच तंतोतंत गेली होती. मग मी परत आलेल्या नंबरांची रंगांप्रमाणे यादी केली. एकोणीस परत आले होते. त्यातले सतरा निळे, जांभळे नाहीतर पांढरे. लाल एकही नाही. तपकिरी एकही नाही.

म्हणजे चूक जोड्या लावणाऱ्या डोळ्यांची होती. ज्या बाईने माझी शून्यं शोधून दिली, तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? चार दिवस ती यादी मी माझ्यापाशीच ठेवली, आणि मग ती घेऊन मास्तरांकडे गेले.

मास्तर म्हणजे पलीकडच्या कारखान्याचे शेड पाहणारे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, पण त्यांच्याकडच्या जुन्या पुठ्ठ्यांची ओळख दुसऱ्या कुणाला नव्हती म्हणून आठवड्यातून दोनदा बोलावलेले. बाई आणि ते तीस वर्षं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. एकमेकांचा माल बाजारातून विकत घेऊन खिडकीशी धरून पाहिलेला, पण भेट या कामातच पहिल्यांदा झाली. बोलायचे जेवढ्यास तेवढं.

मास्तरांनी यादी वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चुका इकडेतिकडे पसरलेल्या नाहीत. सगळ्या एकाच अंगाला कलल्यात. नजर गेलेली नाही तिची. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय. मोतीबिंदू."

मी विचारलं, इतकं खात्रीने कसं सांगता?

त्यांचंही तसंच झालं होतं. नोकरीच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांनी जांभळे लॉट तपकिरी म्हणून पास केले होते. खात्यात सगळ्यांना कळलं होतं. पण एवढा मोठा माणूस, त्याला तोंडावर कोण सांगणार? सगळे सांभाळून घेत राहिले आणि वेळेआधी छानसा निरोपसमारंभ करून त्यांना घरी पाठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते वर्षभराने गेले, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. तेव्हा सगळा उलगडा झाला.

"मला कुणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. "तिला आपण सांगू. आजच."

दुपारी आम्ही दोघं शेडच्या खोलीत गेलो. मास्तरांनी कुठलीही प्रस्तावना केली नाही. दोन दोरे खिडकीशी धरले आणि विचारलं, "बाई, हे दोन कसे?"

बाईंनी नीट पाहिलं. "एकच."

"एक काळा आहे."

त्यांनी दोरे स्वतःच्या हातात घेतले. खिडकीच्या आणखी जवळ गेल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला दोन दिसतात?"

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"चार दिवस."

"शून्याच्या वेळी मी चार मिनिटंही गप्प बसले नव्हते," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. आजवर मला अनेकांनी बोल लावले आहेत, पण ते एक वाक्य अजून माझ्यापाशी आहे. ते लागलं ते बरंच झालं. त्यानंतर वाईट बातमी पोटात ठेवायची सवय मला राहिली नाही.

मास्तरांनी मग स्वतःची हकिगत सांगितली, निरोपसमारंभासकट. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, ऑपरेशन दुखतं का? मास्तर म्हणाले, दुखत नाही, पण नंतर घरचे महिनाभर वाकू देत नाहीत, ते जास्त दुखतं. त्यावर बाई किंचित हसल्या.

घरी त्यांनी भावजयीला सांगितलं. भावजय म्हणाली की गॅलरीतला पडदा निळा आहे हे मी दोन वर्षं सांगतेय आणि तुम्ही तो राखाडी आहे म्हणून मलाच वेड्यात काढताय. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे रडली. हे तिनेच मला सांगितलं. पडद्यावरून आपण हसण्यावारी नेलं, तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, म्हणून रडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना पत्र दिलं. आपल्या हाताने, वळणदार अक्षरात. गेल्या दोन वर्षांत मी पास किंवा नापास केलेला एकही निळा, जांभळा आणि पांढरा रंग पक्का धरू नये. तक्त्यातल्या तशा एकशे चौऱ्याऐंशी जोड्या थांबवाव्यात. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, तुम्ही हे स्वतः लिहून देताय?

"दिसलं नाही ते मलाच," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण लिहिणार?"

नोकरी जाणार, असं त्या धरून चालल्या होत्या. कपाटातला कप आणि चपला त्यांनी पिशवीत भरूनही ठेवल्या होत्या. साहेबांनी मात्र नवा संगणक सुरू करायची तारीख दोन महिने पुढे ढकलली. मास्तरांनी सांगितलं होतं की तोवर लॉट पाहायला मी रोज येतो, पण खोली बाईंचीच राहील. माझ्या वरिष्ठांना मी तीन आठवड्यांचं काम आठ महिन्यांवर कसं गेलं हे समजावत बसले, आणि त्या संभाषणाचा तपशील इथे द्यायची माझी इच्छा नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर बाई स्वयंपाकघरात गॅससमोर उभ्या होत्या. शेगडीवर भांडं नव्हतं. नुसती ज्योत पाहत होत्या. भावजय दारातून म्हणाली, "सकाळपासून तिसऱ्यांदा. सिलिंडर संपवणार आहेत वन्सं."

बाई वळल्या. काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. म्हणाल्या, "अगं, ही निळी असते. मला वाटत होतं, गॅसच अलीकडे भेसळीचा येतो."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून भावजयीने घाईघाईने निर्जंतुक कापसाचा बोळा आणला. मग त्या दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या. मी गॅस बंद केला.

दुसरा डोळा सहा आठवड्यांनी करायचा होता. म्हणजे मधले दिवस बाईंकडे एक डोळा नवा आणि एक जुना. पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती संपताच त्या खोलीत आल्या आणि मला म्हणाल्या, "हे दिवस पुन्हा मिळायचे नाहीत. तक्ता काढ."

त्यांनी काय केलं, तर एक डोळा हाताने झाकून जोडी पाहायची, मग दुसरा झाकून पाहायची. नव्या डोळ्याला वेगळे दिसणारे दोन दोरे जुन्या डोळ्याला एकच दिसले, की ती जोडी चुकलेली. नुसत्या एकशे चौऱ्याऐंशी नाही, सगळ्याच जोड्या त्यांनी अशा पाहिल्या. समोर मास्तर बसायचे आणि आपलं मत आधी कागदावर लिहून कागद पालथा घालायचे, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याने हो म्हणायला नको. मी दोन्ही मतं तक्त्यात भरायचे. निळ्या-जांभळ्या-पांढऱ्यांत सदतीस जोड्या चुकलेल्या निघाल्या, आणि हिरव्यांत चार, ज्यांच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रतिस्पर्धी म्हणून तीस वर्षं काढलेली ती दोघं आता एकमेकांच्या जुन्या मालाच्या खोड्या काढायची. तुमचा आकाशी दोन धुण्यांत उतरायचा, असं बाई म्हणायच्या. मास्तर म्हणायचे, तरी तुम्ही तो विकत घेऊन पाहायचात.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या आठवड्यात एका पुठ्ठ्याशी बाई थांबल्या. जुना डोळा झाकला, नवा झाकला, परत जुना. तो जांभळ्या रंगाचा एक नमुना होता, परत पाठवलेल्या लॉटचा, दीड वर्षापूर्वीचा. मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नापास, मळकट.

तो मळकट नव्हता. नंबराप्रमाणे तंतोतंत होता.

तो लॉट रंगवणारा रंगारी मला माहीत नव्हता. बाईंना माहीत होता. बावीस वर्षं रंगाच्या कढयांवर काम केलेला माणूस. त्या एका महिन्यात बाईंनी त्याचे चार लॉट परत पाठवले, म्हणून त्याला रंगखात्यातून काढून खोकी बांधायच्या खात्यात पाठवलं होतं. तेव्हा तो त्यांच्या खोलीत येऊन एवढंच म्हणाला होता की बाई, परत एकदा बघा. त्यांनी परत एकदा पाहिलं होतं. मळकटच दिसला होता.

बाई पुठ्ठा घेऊन उठल्या. मला म्हणाल्या, चल. मास्तर बसून राहिले.

खोक्यांच्या खात्यात पट्ट्या मारायच्या यंत्राचा खडखडाट चालू होता. रंगारी पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. बाईंनी पुठ्ठा त्याच्यापुढे धरला.

"हा तुझा लॉट बरोबर होता," त्या म्हणाल्या. "चारही बरोबर होते. माझा डोळा खराब होता. मी साहेबांना लिहून देणार आहे, पण आधी तुला सांगायला आले."

त्याने पुठ्ठा हातात घेतला, खात्याच्या दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिला. यंत्र कुणीतरी बंद केलं. मला वाटलं, आता तो बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यावंच लागेल.

"बाई," तो म्हणाला, "मला वाटत होतं, माझेच डोळे गेले. घरी पोरीला विचारायचो, हा रंग कुठला, तो कुठला. दीड वर्ष."

बाईंनी हात जोडले. त्याने ते हात धरून खाली केले आणि विचारलं, दुसरा डोळा कधी करताय? त्या म्हणाल्या, पुढच्या पंधरवड्यात. तर म्हणाला, तोवर इकडे येऊ नका, इथे कागदाची धूळ फार असते. आणि त्याने आम्हाला दारापर्यंत पोचवलं.

महिनाअखेरीस तो परत कढयांवर गेला. साहेबांनी तसं केलं ते बाईंच्या पत्रामुळे, की त्याच्या जागी घेतलेल्या माणसाचा जांभळा खरोखरच मळकट यायचा म्हणून, हे मला माहीत नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, कारण कुठलंही असो, माणूस जागेवर गेला.

दुसरा डोळाही नीट पार पडला. नवा संगणक ठरलेल्या नव्या तारखेला सुरू झाला. बाराशे छत्तीस आणि नऊशे चाळीस मिळून सतराशे सात नंबर झाले. त्यांतले बरेचसे 'नाही' शेऱ्याचे, म्हणजे ज्यांना जोडी नव्हती असे. साहेबांनी एकाबद्दलही हरकत घेतली नाही. पहिल्या महिन्यात परतीचे तीन डबे आले आणि तिन्ही गिऱ्हाइकांनी नंबरच चुकीचा लिहिला होता. मी सामान आवरत होते तेव्हा मास्तर निरोप घ्यायला आले. बाईंनी त्यांना बसवलं आणि माझ्यासमोर सांगितलं:

"तुम्ही सांगितलंत म्हणून. नाहीतर मलाही छान निरोप मिळाला असता, आणि मरेपर्यंत मी समजत राहिले असते की माझं सगळं बरोबर होतं. आणि तो बिचारा खोकीच बांधत बसला असता."

मास्तर म्हणाले, यादी या पोरीने केली. बाई म्हणाल्या, हो, चार दिवस उशिरा दाखवली, पण दाखवली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी नंतर अशी बरीच कामं केली. औषधांच्या याद्या, यंत्रांच्या सुट्या भागांच्या याद्या, एकदा तर एका मोठ्या ग्रंथालयाच्या. सगळीकडे नंबरामागे कुणीतरी एक माणूस असतो, ज्याला तो नंबर काय आहे हे हाताने ठाऊक असतं, आणि मी आता आल्या दिवशी संगणक उघडायच्या आधी त्या माणसाची खुर्ची शोधते. हे शिकायला मला कुठल्याही शाळेत मिळालं नसतं. शनिवारची जेवणं तर वेगळीच.

बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आता त्या मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जातात, ऑपरेशनसाठी बसलेल्यांच्या दालनात. पगार नाही, हुद्दा नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं की घाबरलेल्यांशी दोन शब्द बोलाल का, आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. भावजयही सुट्टी असली की बरोबर जाते, कारण तिच्या मते वन्सं लोकांना नको तितकं खरं सांगतात.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. एक म्हातारे गृहस्थ बाईंना विचारत होते, नंतर सगळं कसं दिसतं? बाकावरच्या बाकीच्यांनीही कान टवकारले.

"स्वच्छ दिसतं," बाई म्हणाल्या. "म्हणून सांगते, घरी गेल्यावर पहिले आठ दिवस कपाटावरची धूळ बघू नका."

भावजयीने कपाळाला हात लावला. ते गृहस्थ हसले, आणि आतून त्यांचा पुकारा झाला तेव्हा स्वतःच उठून चालत गेले.